उलटे गुण
कपाट आवरताना जुनी प्रश्नावली हाती लागली, सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास अजून तसाच. कॅम्प चार वसाहतीतल्या शिलाई कारखान्यांत फिरून अशा कितीतरी मी भरून आणल्या होत्या: कामगारांना शेठची भीती किती, कामात समाधान किती. ‘तुझ्या नावावर कोण वाचणार?’ म्हणत माझ्या मार्गदर्शक सरांनी स्वतःच्या नावावर निबंध वाचायला बेरजांचे कागद घेतले. समाधानाचे सगळे प्रश्न मी तक्रारीसारखे लिहिले होते, म्हणजे जास्त गुण तिथे कमी समाधान; ते गुण उलटे धरायचे. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अंबरनाथच्या चर्चासत्रात सर ठणकावून म्हणाले, “सहसंबंध स्पष्ट आहे. शेठची भीती जितकी जास्त, तितका कामगार समाधानी.” पाहुण्या बाईंनी शांतपणे विचारलं, “गुण उलटवले होते ना?” सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत बसले. पुढे कधीतरी वाईट वाटेल असं तेव्हा वाटलं होतं. अजून वाटलेलं नाही.