सासऱ्यांना न आवडलेली रम

कॉम्प्युटरमधलं वाय-टू-केचं भूत उतरवायला नवरा अमेरिकेला गेला आणि शनिवार पेठेतल्या घरात उरलो आम्ही दोघं, मी आणि सासरे. सासूबाई गेल्यापासून बाबांच्या तोंडून 'हो', 'नको', 'ठेव तिथे' एवढंच निघायचं. मी नागपूरची. न बोलता राहायचं म्हणजे मला शिक्षाच! जीव नुसता घुसमटायचा.

त्यात आमच्या सॉफ्टवेअर कंपनीची पार्टी झाली. 'लेडीज'साठी म्हणून गोडमिट्ट वाइन ठेवलेली. मैत्रिणीच्या नवऱ्याची रम चाखली आणि म्हटलं, हे आपलं! फक्त कोला ओतून त्यांनी तिचा सत्यानाश केला होता. दुसऱ्या दिवशी एक बाटली आणली. लोणच्याच्या बरणीमागे लपवत होते, तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "तिथे नको. खाराचा वास लागेल."

मी गारच पडले.

"दोन वाट्या काढ. आणि पाणी कोमट कर."

एक घोट घेऊन त्यांनी निकाल दिला, "खोकल्याचं औषध." पुढच्या रविवारी दुसरी आणली. "फर्निचरचं पॉलिश." तिसरी मात्र, काय सांगू! काकवीसारखा वास, गोडवा बेताचा, घशाला जाळ नाही. हीच माझी! बाबांनी तोंड वाकडं केलं. "ठीक. पण ही नव्हे."

पण नावं ठेवता ठेवता ते बोलायला लागले होते. बँकेतले साहेब, सासूबाईंशी झालेली भांडणं, सगळं. म्हणून मला माझी रम सापडलीय हे मी बोललेच नाही. दर रविवारी नवी बाटली आणत राहिले. कपाटात अर्ध्यामुर्ध्या बाटल्यांची दाटी झाली. नवऱ्याने फोनवर विचारलं, "बाबा बोलतात का गं?" म्हटलं, "अरे, थांबतच नाहीत!"

मग एका रविवारी दुकानदाराने हात टेकले. नवीन काहीच उरलं नव्हतं. रिकाम्या हाताने घरी आले. आता पुन्हा 'ठेव तिथे' सुरू होणार.

"नवीन नाही मिळाली, बाबा."

ते उठले, कपाटातून ती काकवीच्या वासाची तिसरी बाटली काढली आणि दोन्ही वाट्यांत ओतली.

"अहो, ही तुम्हाला कुठे आवडली होती?"

"पहिल्या घोटालाच आवडली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुझं शोधणं संपलं असतं," बाबा वाटीकडे बघत म्हणाले. "मग रविवारी माझ्याजवळ बसलं कोण असतं?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "बाबा, मलाही तेव्हाच आवडली होती."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग एवढं पॉलिश कशाला प्यायला लावलंस? जा, शेंगदाणे भाज."