चाचांनी न दिलेल्या गोळ्या

औरंगपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानातले चाचा पाकीट देण्याआधी विचारायचे, "पेशंट जेवले का?" उत्तर मिळेपर्यंत पाकीट त्यांच्याच हातात राहायचं. घाईतल्या माणसाला याचा राग यायचा, मलाही यायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या ह्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी शेजारणीचं ऐकून मी स्टेरॉइडच्या गोळ्या मागायला गेले. चाचांनी मान हलवली.

"नाय ताई. ऑक्सिजन बरोबर हाय ना? मग आत्ता नाय. उतरला तर तडक दवाखाना गाठा."

"ह्यांना काही झालं तर तुम्ही जबाबदार!" मी भर गर्दीत ओरडले.

"अल्ला खैर करेल," एवढंच ते हळू आवाजात म्हणाले.

आठव्या दिवशी ऑक्सिजन उतरला. दवाखान्यात डॉक्टरांनी स्टेरॉइडच सुरू केलं. म्हणाले, "विषाणूशी लढणारी ताकद आता बेफाम होऊन त्यांच्याच फुफ्फुसांवर उलटलीय. तिला आवरायला हवं. पण हेच आधी दिलं असतं, तर विषाणूला मोकळं रान मिळालं असतं."



हे बरे होऊन घरी आले. चालायला लागले तसं त्यांना घेऊन मी औरंगपुऱ्यात गेले. दुकान बंद होतं. चाचा लेकीकडं बिडकीनला राहायला गेले, एवढंच शेजारच्या दुकानदाराला ठाऊक होतं. दोनदा बिडकीनला जाऊन विचारलं, पण ते सापडले नाहीत.

अजून वाटतं, कुठंतरी भेटावेत. माफी तर मागायचीच आहे. पण त्याआधी ह्यांना त्यांच्यासमोर नुसतं उभं करायचंय.