कोणाच्या नक्कीत बसू?

आमच्या मरोळच्या चाळीतल्या रत्नप्रभावैनी कारखान्यातल्या बिऱ्हाडाविना राहणाऱ्या पोरांना डबे द्यायच्या. तोंडाने फटकळ, हाताला चव. चौऱ्याऐंशी साली त्यांच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर.

पहिला डॉक्टर म्हणाला, "काढून टाकू, नक्की बऱ्या व्हाल." दुसऱ्याने रिपोर्ट बघितला न बघितला तोच, "उशीर झालाय. वर्ष काही निघत नाही, नक्की."

वैनी घरी येऊन माझ्यापुढे कडाडल्या, "दोघांचाय नक्की! मग मी खंयच्या नक्कीत बसू गो कुंदा? गावात देवाक पाकळ्यो लावन कौल मागलो, तर तोय कधी कधी पाकळी सोडत नाय, जवाब अडवन धरता. ह्येंका जवाब लगेच गावता कसो?"

ऑपरेशनचं नावच काढू देईनात. गाठ वाढत होती. त्यांचे मालक, काशीरामभाऊ, नळावर तोंड धुवायचं निमित्त करून रडायचे. शेवटी मीच भांडून वैनींना घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

वैनींनी पहिलाच सवाल टाकला, "मी वाचतलंय काय?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "उघडल्याशिवाय कळणार नाही. कसर मात्र ठेवणार नाही."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, झालं, वाट लागली! पण वैनी खुर्चीत सावरून बसल्या. "ह्या बरा बोललस गो बाय. आता काप."

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या, तशा वैनी खाटेवर उठून बसल्या नि हात जोडून चक्क गाऱ्हाणं घालायला लागल्या. आमच्या कोकणात सगळ्यांच्या वतीने देवाला असं साकडं घालणं हे गुरवाचं काम. बाईमाणसाने घातलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! माका म्हायत नाय, ह्या बायकय म्हायत नाय. तुका म्हायत असात, तर हिच्या हातात येवन रव रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी होकार भरायचा असतो. आणि पहिलं "व्हय म्हाराजा" आलं ते डॉक्टरीणबाईंच्या तोंडून.

पुढे काय झालं म्हणता? अहो, आत्ता जेवलात तो डबा कोणाचा होता?

जा, विचारा त्यांना, पूर्ण बऱ्या झालात ना म्हणून. तव्यावरची नजरसुद्धा न हलवता सांगतील, "माका काय म्हायत? आज भाकऱ्यो थापतंय."