तीन मिलिमीटर डावीकडे

मंगळवारी सकाळी सात चाळीसला ती दिवसाचा चौथा जबडा ओतत होती. रबरी वाटीत पाणी, त्यावर प्लास्टरची पूड, मग चाळीस सेकंद घोटणं. थरथरणाऱ्या पट्टीवर साचा टेकवून ती एका टोकाकडून थोडं थोडं सोडत होती. घाई केली तर बुडबुडा राहतो आणि प्लास्टरच्या दातावर फोड येतो. आदल्या दिवशी नव्या मुलीच्या हातून तसं झालं, तेव्हा तो जबडा तिने सगळ्यांसमोर उचलून धरला होता. "हे तोंड आहे की कारलं?" मुलगी रडली. तिने हात पुसले आणि पुढचा साचा घेतला.

प्रयोगशाळा तळघरात आहे. इथे बारा-चौदा दवाखान्यांचं काम येतं: कवळ्या, दातांवरच्या टोप्या, मुलांचे दात-जबडे सरळ करायच्या प्लेटा. ती बावीस वर्षं फक्त मुलांच्या प्लेटा करते. सहकारी पाठीमागे तिला 'कानस' म्हणतात. तिला हे माहीत आहे. नाव अचूक आहे असं तिचं मत.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी या कानसेने घरच्याच माणसावर हात चालवला.

भावाकडे जेवण होतं. धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांच्या दोन मुली: एक नऊची, दुसरी सातची. नऊच्या मुलीच्या वरच्या पटाशीच्या दातांत फट आहे. भावजयीने विषय काढला.

"ताई, हिला तारा लावून टाकू या म्हणते. शाळेच्या फोटोत किती वाईट दिसतं!"

"काही लावायचं नाही. सुळे खाली येतील तेव्हा ती फट बहुतेक आपोआप मिटेल. या वयात ओढाओढ केली तर वरून येणारा सुळा शेजारच्या दाताचं मूळ खाऊ शकतो. अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत गप्प बसायचं."

"बरं," भावजय म्हणाली. आवाज बरा नव्हता.

इथे थांबायला हवं होतं. पण समोर धाकटी सफरचंद खात होती. तोंड मिटताना तिची हनुवटी आधी मधोमध यायची आणि दाढा टेकल्या की सर्रकन डावीकडे सरकायची. वरचा जबडा अरुंद असला की असं होतं. दाढा नुसत्या टोकावर टोक टेकतात, चावायला जागा सापडत नाही, मग मूल खालचा जबडा एका बाजूला ढकलून जागा करतं. वर्षानुवर्षं ढकलत राहिलं की हाड त्याच बाजूला वाढतं. सातव्या वर्षी एक प्लेट पुरते. सतराव्या वर्षी कदाचित हाडावर शस्त्रक्रिया.

"मोठीला सोड. या धाकटीला दाखव, याच महिन्यात."

"तिचे तर अजून दुधाचे दात आहेत! पडणारच आहेत की ते."

"दात पडतील गं, जबडा पडत नाही."

"ताई, तुमच्या धंद्यात प्रत्येक पोर गिऱ्हाईकच दिसतं वाटतं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तुमचं बरं भरतं."

भाऊ हसला आणि लगेच पाण्याच्या ग्लासात तोंड घातलं. मग तिने ते वाक्य म्हटलं.

"आत्ता बघितलं नाहीस, तर मोठेपणी तुझ्यासारखंच तोंड वाकडं होईल तिचं."

भावजयीची हनुवटी डावीकडे झुकलेली आहे. फार नाही. लग्नाच्या एकाही फोटोत ती समोरून दिसत नाही. गेली अकरा वर्षं घरात हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोललं नव्हतं.

भावजयीने धाकटीच्या हातातलं सफरचंद काढून घेतलं. "ऊठ. आत जा." मग नणंदेकडे वळून, अगदी हळू: "ताई, माझ्या मुलीच्या तोंडाला तुमचा हात लागला तर बघा. तुमच्या डॉक्टरचाही नाही, तुमच्या त्या प्लास्टरचाही नाही. मेले तरी नाही."

भाऊ तिला दारापर्यंत सोडायला आला. "ताई, तुझंही जरा चुकलंच."

"माझं निदान चूक होतं का? मी बोलले ते बरोबरच होतं."

"म्हणून तर चुकलं," भाऊ म्हणाला. आयुष्यात त्याने केलेलं हे बहुधा एकमेव शहाणं विधान. ती जिना उतरली.

तीन आठवडे बोलणं बंद. तिने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा भावजयीने कापला. पोरीचा जबडा तेवढे दिवस, प्रत्येक घासाला, सरकत राहिला.

मंगळवारी अकराला पेट्या आल्या. तिसऱ्या पेटीत शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्याचं काम होतं. कामाच्या कागदावर मुलाचं नाव नसतं, क्रमांक असतो. मुलगी, वय सात. वरचा जबडा रुंद करण्याची प्लेट, मधोमध स्क्रू. रंग हिरवा, चमकी टाकलेला.

साचे ओतून प्लास्टर घट्ट झाल्यावर तिने दोन्ही जबडे हातात घेतले आणि मध्यरेषा जुळवून टेकवले. दाढा टोकावर टोक. मग मधे मेणाची पट्टी ठेवली. मूल नेहमी जसं चावतं, तसं त्या पट्टीत चावून घेतलेलं असतं. खालचा जबडा डावीकडे गेला. तिने मोजलं: तीन मिलिमीटर. वरच्या डाव्या दुधाच्या सुळ्याचा कोपरा तुटलेला होता. घसरगुंडीवरून पडून तो तुटला, तेव्हा भावाच्या धाकटीला उचलून तिनेच घरी आणलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने भावाला फोन लावला.

"कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात?"

भाऊ कुजबुजला. "मोठीच्या फटीसाठी गेलो होतो गं. ते म्हणाले, हिला थांबू द्या, पण धाकटीला उशीर नको."

"म्हणजे मी म्हटलं तेच."

"तेच. पण त्यांनी नीट सांगितलं."

"प्लेट माझ्या टेबलावर आहे."

भावाचा आवाज आणखी खाली गेला. "ताई, हिला कळू देऊ नकोस. कळलं तर चार दिवसांत ती प्लेट 'हरवेल'. माहीत आहे ना तुला."

माहीत होतं. अशी प्लेट काढता येते. दिवसरात्र तोंडात राहिली तरच हाड हलतं. ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या प्लेटीने फक्त ड्रॉवर रुंद होतो.

दुपारभर तिने तारा वाकवल्या. पॉलिशवाला पलीकडून बघत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तळघरात कोणाचं काही लपत नाही.

"बाई, चिठ्ठीवर लिहून पाठवा की, 'सप्रेम, आत्या'. एकदा जिरवा तिची."

"तू यंत्र बघ. बोट जाईल."

पण चिठ्ठीचाच प्रश्न होता. प्रत्येक पाकिटात निगा राखण्याची चिठ्ठी जाते, तिच्यावर बनवणाऱ्याची पूर्ण नावाची सही असते, आणि दवाखाना ती आईच्या हातात देतो. पावणेपाचला तिने कोरी चिठ्ठी पॉलिशवाल्यासमोर ठेवली.

"सही कर."

"माझी? बावीस वर्षांत माझ्या कामाला तुम्ही काम म्हटलं नाहीत. आणि आता तुमचं काम माझ्या नावावर?"

"तुझ्या नावावर एक तरी बरं काम होईल."

त्याने सही केली. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी हसलं. तिने वळून पाहिलं, तसं हसू थांबलं. हिरवी प्लेट पाकिटात गेली, सोबत स्क्रू फिरवायची बारकी किल्ली. वरच्या कोपऱ्यातली तार जरा टोचेल असं वाटून तिने पाकीट परत उघडलं, तार घासली, बंद केलं. आपल्या कामावर आपलं नाव नसल्याचं तिला वाईट वाटलं की नाही, हे तिने कोणाला सांगितलं नाही. बरं मात्र वाटलेलं नव्हतं. घरी जाईपर्यंत ती रस्त्यात दोघांवर ओरडली.

उद्या सकाळी साडेनऊच्या फेरीत पाकीट जाईल. संध्याकाळी पाचला प्लेट बसवली जाईल. नंतर आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, स्क्रू पाव फेरा फिरवायचा असतो. किल्ली भावजय फिरवेल.