ठिपक्यांचा माने

शंकर माने वर्तमानपत्र वाचत नसे, पाहत असे. घड्याळ दुरुस्त करणारे लावतात तसली काच एका डोळ्यात अडकवायची, दुसरा डोळा घट्ट मिटायचा आणि छापलेल्या फोटोवर नाक टेकेल इतकं वाकायचं. फोटो पुढाऱ्याचा आहे की पैलवानाचा, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे. माझी त्याची ओळख झाली तीही अशीच. उल्हासनगरला तेव्हा आम्ही नुसतं ‘कॅम्प’ म्हणत असू. तिथे परसराम शेठच्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून मी भांड्यांवर नावं घालत असे. एका रविवारी हा माणूस पुढ्यात येऊन बसला, माझ्या मांडीवरच्या कळशीवर रद्दीचा कागद पसरला आणि म्हणाला, “बघा, ह्यात माणूस न्हाईच. नुसतं ठिपकं हाईत. कागदावर ठिपक्यांचा माणूस हुतोय, मग पितळंवर का हुनार न्हाई?”

“होणार नाही,” मी म्हणालो.

मला तसं म्हणायचा हक्क होता. माझे आजोबा, माझे वडील, दोघांचा जन्म छिन्नी-हातोडीवर गेला. मला बाराखडी नीट येण्याआधी छिन्नी धरता येत होती. आणि हा साताऱ्याकडचा गडी, अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर काम करणारा. पितळ म्हणजे त्याच्या लेखी कातायचा गज. त्याने मला विचारायचं आणि मी ‘नाही’ म्हटल्यावर उठून जायचं, एवढीच रीत होती. तो उठला, पण जाताना म्हणाला, “बघू की काय हुतंय.” हे त्याचं पालुपद होतं.

महिनाभराने मी अंबरनाथच्या बुवापाड्याला त्याच्या खोलीवर गेलो. काय केलंय ते बघायला गेलो म्हणजे खरं तर हसायला गेलो. त्याने कानशीच्या मुठीत ग्रामोफोनची सुई बसवून हत्यार केलं होतं आणि पहिला हात बायकोच्या पिठाच्या डब्याच्या झाकणावर साफ केला होता. वहिनींनी ते झाकण माझ्यापुढे आपटलं. “ह्या डब्याला देवी आल्यात व्हय वो भावजी? शेजारणी इचारत्यात!” मी पोटभर हसलो. माझ्यापेक्षा जास्त माने हसला, त्यामुळे मजा निम्मी झाली.

मग त्याने पत्र्याचा तुकडा घेतला. ठोकून ठोकून पत्रा पापडासारखा उचलला गेला. खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण चांगला पत्रा वाया जाताना मला बघवत नाही. “अहो, राळेत बसवा आधी, म्हणजे पत्रा उचलणार नाही, आणि हातोडी ठेवा खाली, मनगटाने दाबा,” असं मी बोलून गेलो. राळही मीच नेऊन दिली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

पुढचा प्रयोग कॅलेंडरावरच्या कृष्णाचा. कागदावर जिथे शाई, तिथे पत्र्यावर ठिपके, असा त्याचा साधा हिशोब. पण चकचकीत पितळेवर दिलेला ठिपका उजेड धरतो, चमकतो, आणि त्याच्यापुढे कोरं पितळ काळं दिसतं. सावळा कृष्ण गोरापान झाला, केस पिकले आणि दात काळे पडले! मी असतो तर पत्रा भिरकावला असता. माने तो खिडकीशी नेऊन उलटसुलट फिरवत बसला. “गोरा किसन! पर आता कळलं बघा. ठिपका म्हंजी शाई न्हाई, ठिपका म्हंजी ऊन.” मी सांगितलं, आमच्याकडे कोरलेल्यात लाख आणि काजळ भरतात, मग कुठूनही काळंच दिसतं. त्याने मान हलवली. “काळं भरलं की ते गप पडतंय. ह्ये हलतंय.”

याच सुमारास परसराम शेठने आपल्या आईचं काम काढलं. सिंधहून निघताना बाकी सगळं मागे राहिलं, आईही तिथेच वारली. शेठजवळ तिचा एकच फोटो, आणि तोही ओलीने डागाळत चाललेला. “गोविंदराव, अम्मा का चेहरा पीतल पे निकालो. पीतल को दीमक नहीं लगती.” शेठने आधी मला विचारलं, हे मी मुद्दाम सांगतो. हे काम साधलं असतं तर कॅम्पात मी नुसता नाववाला राहिलो नसतो. मी जीव ओतून रेषेत चेहरा काढला. नाक, डोळे, ओढणीची किनार, सगळं जिथल्या तिथे. शेठने बराच वेळ पाहिलं, “अच्छा है” म्हणाला आणि पत्रा गल्ल्याखाली सरकवला. मग फोटो मानेला दिला.

ते दिवस मला कसे गेले ते विचारू नका. त्याच्या हातून बिघडावं असं मला मनापासून वाटत होतं. नवस तेवढा बोललो नाही.

माने पत्रा घेऊन आला. शेठने हातात घेतला, तर साधं पितळ, वर जरासं धुकं धरल्यासारखं. मला हायसं वाटलं. “दाराकडं धरा, शेठ. जरा कलता,” माने म्हणाला. शेठने पत्रा कलता केला आणि म्हातारी आली. सुरकुत्यांसकट, ओठ किंचित मुडपलेली. “अम्मा!” शेठ ओरडला. पत्रा जरा हलला तशी ती गेली. पुन्हा कलता केला, पुन्हा आली. “आती है, साईं... जाती है... आती है!” गिऱ्हाइकांसमोर तो माणूस घळाघळा रडत होता. माझ्या घराण्याने हजारो भांड्यांवर नावं घातली, पण त्यातल्या एकाही नावावर कोणी रडलेलं मी ऐकलं नाही. मी मानेचीच काच डोळ्याला लावून पत्रा तपासला. “डावा कान वर चढलाय,” मी म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही. फक्त माने वाकला आणि खुशीत म्हणाला, “व्हय की!”

दुसऱ्या दिवसापासून लोक फोटो घेऊन येऊ लागले. कोणाचा बाप, कोणाचा गुरू. माने सगळ्यांना हात जोडायचा. “एकदा जमलं न्हवं? मग त्येच त्येच काय करायचं? ह्यांच्याकडं द्या, ह्यांचा हात माझ्यापरीस सरळ हाय.” आणि ग्रामोफोनची सुई मुठीसकट माझ्या हातात ठेवून मोकळा झाला. माझ्या अंगाची लाही झाली. मला जन्मात मिळालं नव्हतं ते हा माणूस चहाची कपबशी ठेवावी तसं खाली ठेवत होता! पण सुई मी घेतली. न घेऊन सांगतो कोणाला? त्याला आता पेटीच्या पितळी पट्टीतून सूर का निघतो, याचा नाद लागला होता.

मी ते काम शिकलो. चांगलं शिकलो. कल्याणहून लोक माझ्याकडे चेहरे काढून घ्यायला येऊ लागले. माझे कान कधी वर चढत नाहीत.

मानेची बदली झाली तेव्हा तो निरोप घ्यायला ओट्यावर आला. मी कोणाच्या तरी वडिलांच्या कपाळावर ठिपके देत होतो. त्याने पत्रा दाराकडे कलता करून पाहिला, खाली ठेवला, आणि लहान मुलाला वाटावं तसं नवल वाटून म्हणाला, “आजून ह्येच करताय?”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलटून चार सुनावले असते. मी म्हणालो, “हो.” तो पेटीच्या पट्ट्यांबद्दल काहीतरी सांगत बसला आणि गाडीची वेळ झाली तसा गेला. त्याला ते एकदा आलं आणि त्याने सोडून दिलं. मी जन्मभर धरून बसलोय, आणि मला ते अजून यायचंय.