पाच चुकलेले छर्रे

हे लिहायचं मी अकरा वर्षं टाळलं. माझ्या साडूइतका अंतराचा वेडा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नसेल. फौजेत तो तुकडीचा नेमबाज होता. इतरांना साध्या रायफली, याला दुर्बीण लावलेली, लांब नळीची ड्रॅगुनोव्ह. निवृत्त होऊन वडीगोद्रीला आला, तरी ती रायफल डोक्यातून उतरली नव्हती. पंगतीत बसला की एक डोळा मिटून वाढप्याकडे पाहायचा आणि जिलेबी अजून चाळीस मीटरवर आहे, असं शेजाऱ्याला गंभीरपणे कळवायचा. सही करताना श्वास रोखायचा. बँकेतली बाई एकदा घाबरून पाणी घेऊन आली. तो आपल्यापेक्षा रायफलीचंच जास्त कौतुक करतो, ही माझ्या मेहुणीची तक्रार खोटी नव्हती. "गोळी आपोआप चढती, गुरुजी," तो मला सांगायचा, "पण घोडा दर खेपेला आपणच दाबायचा. सोडायची का न्हाई, ते बोटानं ठरवायचं."

जत्रेत फुगे फोडायच्या दुकानापुढं मीच त्याला ओढत नेलं, गर्दीही मीच जमवली. त्यानं छऱ्याची बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ पाहिलं आणि पाचही छर्रे फुग्यांच्या वरून आभाळात घालवले. लोक हसले. बंदूक ठेवताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "फुग्यांमागचं कापड फाटलंय. पल्याड दुकानवाल्याची बायको झोपून राह्यली." मी मागं जाऊन पाहिलं. खरंच झोपली होती.

परत आलो तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. "अरे, हा फौजेत लंगरात पोळ्या लाटीत होता," मी म्हणालो. तीस वर्षं शाळा केली, पण माझ्या बोलण्यावर गाव एवढं कधी हसलं नव्हतं. घरचा माणूस, त्यात गुरुजी; लोकांनी ते खरंच धरलं. झेंडावंदनालाही त्याला कुणीतरी पोळ्यांचा आकडा विचारायचं. त्यानं एकदाही खुलासा केला नाही. फक्त अंतर सांगायचं बंद केलं.

शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलो. मला दारात पाहून त्यानं खाटेवरूनच एक डोळा मिटला. "साडेतीन मीटर, गुरुजी. या जवळ."

जवळ बसलो. ऊस कारखान्याला गेला का, एवढंच विचारलं. गेला म्हणाला. अंबडपासून बसमध्ये घोकत आणलेलं वाक्य तसंच परत नेलं: साडू, मी कापडामागं पाहिलं होतं. मला माफ कर.