शेजारच्या बंदरातला कागद

आमच्या ताईला काळजी करायला निमित्त लागत नाही, पण त्या वेळी तिच्याकडे आकडेच होते. व्यापार खात्यात ती आयातीचे तक्ते करते. साहेबांनी तिला काम दिलं होतं: वर्तमानपत्राचा कागद आपल्या देशात किती किमतीचा येतो आणि शेजारच्या देशात किती किमतीचा, याची तुलना. दोन्ही देश चिमुकले, कागदाचा कारखाना एकाकडेही नाही. आपल्याकडे तर मोठं दैनिक एकच. त्याच्या कागदाचं जहाज आलं की आकडा चढतो, नाही आलं की आपटतो.

या तिमाहीत आपला आकडा आपटला होता आणि शेजाऱ्यांचा जवळजवळ दुप्पट झाला होता. भाऊजी त्याच दैनिकाच्या छापखान्यात मशीनवर होते. मालक छपाई शेजारच्या देशात हलवणार, ही कुजबुज ते घरी हसत हसत सांगायचे. आता ताईला हसू येईना.

नेमकं त्याच आठवड्यात भाऊजींना पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. ते नाही म्हणणार होते. त्यांचा सगळा जीव त्या मशीनवर. ते अडलं की म्हणायचे, "आज बाईसाहेब रुसल्यात." घरातली बाई खरोखर रुसली तर मात्र त्यांना संध्याकाळपर्यंत पत्ता नसायचा.

जाहीर होण्याआधी आकडे बाहेर सांगायचे नाहीत, असा कार्यालयाचा नियम. ताई नियमाची इतकी पक्की की मला बटाट्याचा भावही सांगणार नाही. दोन दिवस तिनं कळ काढली. शेवटी माझ्यासमोरच, वाटाणे सोलता सोलता, ती म्हणाली, "अहो, ती खोक्यांच्या कारखान्यातली नोकरी घ्या ना."

"का गं? एकदम काय झालं?"

"विचारू नका. माझं एवढं ऐका."

तिच्या टेबलावर काय काय येतं, हे भाऊजींना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा पडला. "बरं," म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

पुढे शेजारच्या देशाच्या कार्यालयातून दुरुस्तीचं पत्र आलं. आपल्या बंदरात जागा नव्हती म्हणून जहाज त्यांच्या बंदरात रिकामं झालं होतं. कागदाची रिळं ट्रकमधून इकडेच यायची होती, ती त्यांनी चुकून स्वतःच्या आयातीत धरली होती. एका तिमाहीवरून काही ठरवू नका, आधी विचारा, असं ताई नव्या मुलांना इतकी वर्षं बजावत आलीय. मला फोनवर रडत म्हणाली, "मी त्यांचं वाटोळं केलं गं." मला तिचा राग आला, कीवही आली. म्हटलं, "सांगून टाक. बाहेरून कळलं तर ते जास्त वाईट."

आकडे जाहीर झाले त्या दिवशी तिनं मला सोबतीला बोलावलं आणि भाऊजींना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

"म्हणजे छापखाना कुठेही जात नाहीये?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "अगं, छापखान्यातले लोक भेटायला आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसत होतो. तू शब्द घेतला नव्हतास, पण तुझी नोकरी जाईल म्हणून मी कुणाला बोललो नाही. वाटायचं, सगळ्यांना तसंच सोडून मी एकटा सटकलो." त्यांना हसू आवरेना. "वाचले की गं सगळे! थांब, भेटूनच येतो."

त्यांनी चपला घातल्या. दारापर्यंत गेले आणि थबकले.

"माझ्या जागेवर कोणाला घेतलं असेल ना आता?"

"घेतलंय," ताई म्हणाली. "मी सकाळी व्यवस्थापकांचे पाय धरून आले. नाही म्हणाले."

भाऊजी परत आत आले आणि चपलांसकट खुर्चीवर बसले.